हात कुठे थांबला? व्हीआर आणि शरीर-ट्रॅकिंगनं आवेगी वर्तन मोजायचं कसं

टेबलावर एकेक आंबा येतोय. पिवळाधमक आला की उचलून पेटीत ठेवायचा, कुजका आला की हात जागचा हलवायचा नाही. समोर बसलेल्या कॉलेजातल्या मुलानं साठ-सत्तर आंबे बिनचूक उरकले. मग एक कुजका आला. मुलाचा हात चार बोटं पुढे सरकला, हवेतच अडला आणि परत पाटावर गेला. हेच काम कीबोर्डवर असतं तर बटण दाबलं गेलं नसतं आणि यंत्रानं ‘बरोबर’ अशी खूण करून विषय संपवला असता. आम्हाला मात्र हात किती पुढे गेला, किती वेगानं गेला आणि कुठे वळला ते सगळं दिसत होतं. आंबे खोटे होते, मुलाच्या डोळ्यांवर आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट होता आणि बाहेर देवगडातला वैशाख तापला होता.

हा लेख त्या चार बोटांविषयी आहे. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारे, एम.ए.चा प्रकल्प करणारे किंवा एखादा हेडसेट हाताशी असलेले जिज्ञासू, अशांसाठी हे लिहितेय. मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक खोली, एक हेडसेट, एक लॅपटॉप आणि भरपूर चिकाटी पुरते.

आधी ठरवा: नेमकं काय मोजायचंय

‘आवेगशीलता’ हा एकच गुण आहे असं धरून चाललात तर पुढचं सगळं फुकट जाईल. निदान तीन वेगळ्या गोष्टी या एका नावाखाली राहतात. सुरू झालेली किंवा सुरू होऊ घातलेली हालचाल आवरता न येणं, ही पहिली. थोडं थांबलं तर जास्त मिळेल हे ठाऊक असूनही आत्ताचं थोडं उचलणं, ही दुसरी. आणि पुरेशी माहिती न घेता निर्णय घेऊन टाकणं, ही तिसरी. एकाच माणसात यातली एक जास्त आणि दुसरी कमी असू शकते. मासळीच्या लिलावात क्षणात बोली लावणारा माणूस घरातला पैसा वीस वर्षं मुदत ठेवीत ठेवतो, अशी उदाहरणं तुमच्या वाडीतही सापडतील.

प्रश्नावल्या आहेतच. बॅरट यांची आवेगशीलता मापनश्रेणी सर्वांत जास्त वापरली जाते. तिची १९९५ची अकरावी आवृत्ती ३० विधानांची आहे आणि एकूण गुण ३० ते १२० या दरम्यान पडतात. प्रश्नावली जरूर भरून घ्या, पण एक लक्षात ठेवा: माणूस स्वतःविषयी जे सांगतो आणि चाचणीत जे करतो त्यांचा मेळ फार थोडा बसतो, हे संशोधनात पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. म्हणून दोन्हींची बेरीज करून ‘याची आवेगशीलता इतकी’ असा एकच आकडा काढू नका.

दुसरा सापळा म्हणजे घाई आणि आवेग एकच समजणं. शेवटची एसटी सुटताना धावत सुटणारी बाई आवेगी नसते, तिला घरी जायचं असतं. मोजमापाची सगळी कसोटी इथेच आहे. माणूस वेगवान आहे, की परिस्थितीनं त्याला वेगवान केलंय, की थांबायला हवं हे कळूनही त्याला थांबता आलं नाही? यातलं फक्त तिसरं आपल्याला हवंय. प्रत्येक प्रसंग रचताना हा प्रश्न स्वतःला विचारा.

खोली

हेडसेटवरचे कॅमेरे भोवतालच्या भिंती, कोपरे, वस्तू पाहून आपली जागा ओळखतात. नव्यानं पांढरा रंग दिलेल्या कोऱ्या भिंतीवर त्यांना धरायला काही सापडत नाही. गिलावा न केलेली चिऱ्याची भिंत मात्र या कामाला उत्तम, कारण तिचा प्रत्येक दगड वेगळा. महाविद्यालयानं आधी दिलेली चकचकीत खोली सोडून आम्ही मागची जुनी खोली मागून घेतली, तेव्हा शिपाईमामांना आमच्या डोक्याची शंका आली होती. कोरी भिंतच वाट्याला आली तर तिच्यावर कॅलेंडरं, नकाशे, विद्यार्थ्यांची चित्रं लावा. चकाकत्या लादीवर साधी चटई टाका.

कौलारू खोलीत काचेचं कौल असेल तर ते आधी झाका. त्यातून येणारा उन्हाचा पट्टा दोन प्रकारे नडतो: हातात धरायच्या कंट्रोलरचं ट्रॅकिंग, म्हणजे त्याच्या जागेचा माग, बिघडतं, आणि तेच ऊन हेडसेटच्या भिंगावर पडलं तर भिंग त्याला एकवटून आतला पडदा जाळतं. टेबलावर उलटा ठेवलेला हेडसेट दहा मिनिटं उन्हात राहिला तरी कायमचा डाग पडू शकतो. काम नसताना भिंगांवर कापड हवंच. दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालतात. हेडसेटच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची वारंवारता निवडता येत असेल तर तीही ५० ठेवा.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात हेडसेट ठेवायचा आणि पुड्या अधूनमधून वाळवायच्या. भिंग पुसायला फक्त कोरडं मऊ कापड, स्पिरिट नको. चेहऱ्याला लागणारा फोम मात्र घामानं भिजतो, त्यावर पुसता येणारं सिलिकॉनचं आवरण घाला आणि दर माणसामागे पुसा. वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून नोंदी हेडसेटच्या किंवा लॅपटॉपच्या आतच साठवा. इंटरनेटवर विसंबू नका.

घड्याळ

या कामात सगळा खेळ मिलिसेकंदांचा, आणि इथेच नवखे चुकतात. पडदा सेकंदाला ९० वेळा बदलत असेल तर एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, ११.१ मिलिसेकंदांची, ७२ वेळा असेल तर १३.९ मिलिसेकंदांची. त्याहून बारीक वेळेला पडद्यावर काही दाखवताच येत नाही. पुढे थांबण्याच्या चाचणीत ५० मिलिसेकंदांच्या पायऱ्या लागतात, आणि ९० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ९० फ्रेमवर) ५० बसत नाही: चार फ्रेम म्हणजे ४४.४ आणि पाच म्हणजे ५५.६. ८० हर्ट्झवर चार फ्रेम बरोबर ५० होतात, १२० हर्ट्झवर सहा. हेडसेट देत असेल तर यांपैकी एक निवडा.

थांबण्याची सूचना आवाजानं द्यावी असं वाटेल, पण आवाज बाहेर पडायला हेडसेटनुसार कमीजास्त उशीर लागतो. दृश्य सूचना बरी.

एकदा स्वतः तपासून घ्या. मोबाइलचा सेकंदाला २४० फ्रेम घेणारा स्लो-मोशन कॅमेरा भिंगाच्या तोंडाशी असा धरा की पडदा आणि कंट्रोलर धरलेला हात दोन्ही दिसतील. कंट्रोलर टेबलावर ठोका आणि आभासी हात किती फ्रेम उशिरानं ठोकला जातो ते मोजा. मोबाइलची एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची. वीस-तीस वेळा मोजून सरासरी काढा आणि तो आकडा अहवालात लिहा. आणखी एक बारकावा: दृश्य मागे पडू नये म्हणून हेडसेट हात पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून ती जागा देतो. त्यामुळे हात एकदम थांबला तर नोंदीत तो किंचित पुढे गेल्यासारखा दिसू शकतो. अर्ध्या सेंटीमीटरवरून वाद घालायचा नाही तो याचसाठी.

पहिला प्रसंग: आंब्याची पेटी

आभासी प्रसंग युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधता येतो. प्रयोगाची फेरी, नोंद आणि फाइल सांभाळणारी मोफत चौकटही तिथे मिळते. तुमच्या महाविद्यालयात संगणकाचा विभाग असेल तर तिथला एखादा हुशार विद्यार्थी धरा. मी तेच केलं.

सहभागी खुर्चीवर बसतो. समोर खरं टेबल, त्यावर खरा छोटा लाकडी पाट, आणि आभासी जगातही त्याच जागी तसाच पाट. कंट्रोलर धरलेला हात पाटावर टेकवला की फेरी सुरू होते. आंबा कुठे यावा हे प्रत्येकाच्या हाताच्या लांबीवरून ठरवा, साधारण लांबीच्या ऐंशी टक्क्यांवर. नाहीतर उंच माणूस जास्त वेगवान ठरेल. डावखुऱ्यांसाठी मांडणी उलटी. हात मोकळा दिसावा म्हणून कंट्रोलरविना बोटांचं ट्रॅकिंग वापरायचा मोह होतो, पण त्यात नोंद मध्येच तुटते. मी कंट्रोलरच वापरते.

पिका-कुजका ही ‘गो/नो-गो’ची, म्हणजे ‘कर किंवा थांब’ चाचणीची जात. शंभरातले पंचाहत्तर-ऐंशी आंबे उचलायचेच असू द्या, तरच उचलण्याची सवय लागते आणि थांबणं अवघड होतं. निम्मे-निम्मे ठेवलेत तर आवरायला काही उरतच नाही.

आमची पहिली आवृत्ती फसली ती इथेच. कुजक्याऐवजी आम्ही डागी आंबा ठेवला होता. एका विद्यार्थ्याचे वडील, तीस वर्षं बागेत घालवलेले, हौसेनं बसले आणि दर डागी आंबा शांतपणे उचलत गेले. यंत्राच्या मते अत्यंत आवेगी माणूस. विचारलं तर म्हणाले, “ह्यो कुजलो नाय, ह्येका चिकाचो डाग लागलो हा. दुसऱ्या नंबरात जातलो.” चूक आमची होती. हिरवा आंबा ठेवावा तर तोही चालत नाही, कारण हापूस झाडावरून हिरवाच उतरवतात आणि अढीत पिकवतात. प्रसंगातली वस्तू स्थानिक असणं चांगलं, पण ती जाणत्याला दाखवून मगच वापरा. आता आमच्याकडे आंबा काळाठिक्कर कुजका असतो, शंकेला जागा नाही.

त्याहून पक्की पद्धत म्हणजे थांबण्याचा इशारा वस्तूपासून वेगळा ठेवणं. हीच ‘स्टॉप-सिग्नल’ चाचणी. दर वेळी पिका आंबा येतो आणि उचलायचा असतो. चारातल्या एका वेळी मात्र, आंबा आल्यावर थोड्या वेळानं, त्याखालची थाळी निळी होते. निळी झाली की हात आवरायचा. आंबा दिसणं आणि थाळी निळी होणं यांतला अवधी सुरुवातीला २०० किंवा २५० मिलिसेकंद ठेवा. थांबता आलं तर पुढच्या वेळी ५०नं वाढवा म्हणजे अवघड होईल, थांबता आलं नाही तर ५०नं कमी करा. काही वेळानं माणूस साधारण निम्म्या वेळा थांबतो आणि निम्म्या वेळा चुकतो, तेच हवं असतं. निळ्या इशाऱ्याच्या निदान ५० फेऱ्या असाव्यात, म्हणजे एकूण २००.

लोक हुशार असतात. इशारा येतोय का ते पाहत हळूहळू उचलायला लागतात. आधीच सांगून टाका: थांबून पाहिल्यानं फायदा नाही, तुम्ही सावकाश झालात तर इशाराही उशिरा येईल. तरी सावकाशी दिसली तर दर ५० फेऱ्यांनंतरच्या विश्रांतीत पुन्हा सांगा.

काय नोंदवायचं

प्रत्येक फ्रेमला: वेळ, डोक्याची जागा आणि दिशा, दोन्ही हातांची जागा आणि दिशा, आणि हात त्या क्षणी खरोखर दिसत होता की नाही याची खूण. प्रत्येक फेरीला: आंबा कोणता, कधी आला, थाळी कधी निळी झाली, हात पाटावरून कधी सुटला, आंब्याला कधी लागला. हे सगळं साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात. हात दिसत होता की नाही, ही खूण लोक विसरतात. हात अंगामागे गेला की यंत्र त्याची जागा अंदाजानं भरतं, आणि तो अंदाज खऱ्या हालचालीसारखाच दिसतो. असेच काही हेडसेट आभासी शरीराला पायही देतात. ते पाय कॅमेऱ्यानं पाहिलेले नसतात, वरच्या अंगावरून रचलेले असतात. पायाविषयी काही म्हणायचं असेल तर पायाला वेगळा ट्रॅकर बांधा. कमरेचंही तेच. डोकं पुढे झुकलं यावरून धड झुकलं असं लिहू नका.

आकड्यांतून माणूस

आधी सर्व जागांची नोंद गुळगुळीत करून घ्यावी लागते, कारण जागेवरून वेग काढताना बारीक थरथर फुगते. चौथ्या क्रमाची बटरवर्थ गाळणी (थरथर काढून टाकणारं ठरीव गणित), सुमारे १० हर्ट्झवर, पुढून आणि मागून दोन्हीकडून चालवलेली, पायथन या संगणकभाषेत दोन ओळींत होते. पण ही गाळणी हालचालीची सुरुवात जरा आधी सरकवते. म्हणून हात कधी सुटला हे मी कच्च्या नोंदीवरून ठरवते: पाटापासून ३ सेंटीमीटरच्या बाहेर गेला तो क्षण. बाकी वेग आणि वळण गाळलेल्या नोंदीवरून. तुम्ही वेगळा नियम लावा हवा तर, फक्त तो नोंदी गोळा करण्याआधी लिहून ठेवा. नंतर ठरवलेला नियम नेहमी आपल्याला हवं ते उत्तर देतो.

आता थांबायला लागणारा वेळ. तो थेट दिसत नाही, कारण यशस्वी थांबण्याला कृतीच नसते. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४मध्ये मांडलेली कल्पना अशी: मनात दोन धावपटू सुटतात, एक उचलण्याचा आणि एक थांबण्याचा, जो आधी पोचेल तो जिंकतो. हिशेब उदाहरणानं पाहू. समजा, इशाऱ्याविनाच्या १५० फेऱ्या झाल्या आणि इशाऱ्याच्या ५० पैकी २३ वेळा हात सुटला, म्हणजे ०.४६. मग १५० फेऱ्यांतल्या हात सुटण्याच्या वेळा लहानापासून मोठ्याकडे मांडा आणि १५० × ०.४६ म्हणजे ६९वी वेळ घ्या. ती ५२० मिलिसेकंद असेल आणि इशाऱ्याचा सरासरी अवधी २६५ असेल, तर थांबायला लागलेला वेळ ५२० − २६५ = २५५ मिलिसेकंद. ज्या फेरीत माणसानं हात उचललाच नाही तिथे त्याची सर्वांत मोठी वेळ धरायची, ती फेरी टाकून द्यायची नाही. आणि एक तपासणी: चुकून हात सुटलेल्या फेऱ्यांची सरासरी ही साध्या फेऱ्यांच्या सरासरीपेक्षा कमी असायला हवी. जास्त आली तर शर्यतीची कल्पनाच त्या माणसाला लागू पडत नाही, त्याचा आकडा काढू नका.

इथपर्यंत कीबोर्डवरही जमलं असतं. ट्रॅकिंगचा खरा नफा पुढे आहे. हात सुटला पण आंब्याला लागला नाही, अशा फेऱ्या वेगळ्या काढा. या ‘अर्धवट चुका’. प्रत्येकीत तीन गोष्टी मोजा: पाटापासून आंब्यापर्यंतच्या अंतराच्या किती टक्के हात गेला, सर्वाधिक वेग किती झाला, आणि थाळी निळी झाल्यापासून वेग उतरायला किती वेळ लागला. आंबा ४० सेंटीमीटरवर आणि हात ७ सेंटीमीटर गेला, तर साडेसतरा टक्के. दोन मुलांच्या चुका सारख्याच असतील, पण एकाचा हात सुटला की थेट आंब्यावर जातो आणि दुसऱ्याचा दर वेळी वाटेत अडतो. पहिल्याला सुटलेला हात धरता येत नाही. दुसऱ्याला येतो, फक्त उशिरा. बटणावर दोघं एकच. त्या चार बोटांसाठी एवढा खटाटोप करायचा तो यासाठी.

नोंद तुटली असेल तर १०० मिलिसेकंदांपर्यंतची फट मी भरते. त्याहून मोठी असेल तर ती फेरी बाद. एखाद्याच्या दहातल्या एकाहून जास्त फेऱ्या बाद होत असतील तर दोष माणसात शोधू नका, खोलीतला उजेड पाहा.

दुसरा प्रसंग: आज की महिन्यानं

डावीकडे एक पेटी, उजवीकडे एक. एकीवर आज मिळणारी रक्कम, दुसरीवर काही दिवसांनी मिळणारी मोठी रक्कम. हात मध्यावरून सुटतो आणि एकीला लागतो. उत्तरांवरून काढायचा आकडा जेम्स मेझर यांच्या १९८७च्या सूत्रानं येतो: आजचं मोल = रक्कम ÷ (१ + क × दिवस). एखाद्याला ३० दिवसांनंतरचे २५० रुपये आजच्या २०० रुपयांइतकेच वाटत असतील तर क = ०.२५ ÷ ३० = ०.००८३. क जितका मोठा तितकं थांबणं जड. हाताची वाट इथे उत्तरामागची ओढाताण दाखवते. शेवटी उशिराची पेटी घेतली, पण हात आधी आजच्या पेटीकडे वळून मग फिरला, तर सरळ रेषेपासून तो जास्तीत जास्त किती लांब गेला ते मोजा. आजची पेटी कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवायला विसरू नका.

पण कोकणात हा प्रसंग फार जपून वापरावा लागतो. बागायतदार फवारणीच्या खर्चासाठी दलालाकडून हंगामाआधीच उचल घेतो. उचल घेतली की मालाच्या भावावर त्याचा जोर कमी होतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी घेतो, कारण फुलकिडे, अवकाळी पाऊस आणि उन्हाचा चटका यांतून एप्रिलमध्ये झाडावर काय उरेल हे कुणी सांगावं? आजचे पैसे घेणं हा त्याचा अधीरपणा नव्हे, तो अनिश्चिततेचा हिशेब आहे. सूत्राला हे कळत नाही, ते त्याला सरसकट मोठा क देऊन मोकळं होतं. म्हणून मी तीन गोष्टी करते. एक, शेवटी चिठ्ठी काढून निवडलेली एक रक्कम खरोखर देते, आणि उशिराची असेल तर त्याच तारखेला यूपीआयनं पाठवते, म्हणजे ‘मिळतील की नाही’ ही शंका कमी होते. दोन, ‘हे पैसे नक्की मिळतील असं वाटलं का?’ हा प्रश्न विचारून उत्तर वेगळं नोंदवते. तीन, फवारणीच्या दिवसांतले आणि मे अखेरचे सहभागी एका गटात मिसळत नाही. हातात पैसा असण्या-नसण्याचा फरक स्वभावाच्या खात्यावर मांडायचा नसतो.

तिसरा प्रसंग: रस्ता

जागा असेल तरच. पुरेसं न पाहता निर्णय घेण्याचं माप इथे मिळतं. मुंबई-गोवा महामार्गासारखा रस्ता, ताशी ४० किलोमीटर वेगानं येणाऱ्या गाड्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. दोन गाड्यांमधली फट २ ते ७ सेकंदांची. मोजायचं ते हे: कोणती फट घेतली, पाऊल टाकण्याआधी मान किती वेळा वळली, गाडी गेल्यावर किती लवकर पाऊल पडलं. हेडसेटमध्ये अंतरं असतात त्याहून कमी वाटतात, त्यामुळे ‘हा माणूस खऱ्या रस्त्यावर चिरडला जाईल’ अशी भाकितं करू नका. माणसामाणसांची तुलना करा, तेवढंच. चालण्यासाठी पाचेक मीटर मोकळी जागा आणि सहभागीच्या मागे एक हात अंतरावर चालणारा मदतनीस हवा. आम्ही हा प्रसंग दोनदा करून सोडून दिला, खोली लहान पडली.

समोरचा माणूस

आमच्या भागात बहुतेकांनी हेडसेट पहिल्यांदाच पाहिलेला असतो. पहिली दहा मिनिटं नुसतं बघू द्या, इकडेतिकडे हात लावू द्या. नवलाई ओसरल्याशिवाय घेतलेली नोंद नवलाईचीच असते. अंबाडा किंवा गजरा असेल तर पट्टा कसा बसेल ते आधी पाहा, नाहीतर हेडसेट घसरतो आणि चित्र धूसर होतं. भिंगांमधलं अंतर डोळ्यांप्रमाणे लावून घ्या. फिट्स, चक्कर, कानाचा त्रास असलेल्यांना बसवू नका. मळमळ मोजायला रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांची १९९३ची १६ लक्षणांची यादी आहे. ती आधी आणि नंतर, दोन्ही वेळा भरून घ्या. बसून करायच्या प्रसंगात त्रास क्वचित होतो. तरी उठल्यावर अर्धा तास दुचाकी नको, चहा पाजा.

प्रकल्प संस्थेच्या नीतिमत्ता समितीसमोर आधी न्यायचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचा. अठरा वर्षांखालील मुलं घेऊ नका असा माझा सल्ला आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याविषयी कडक बंधनं घातली आहेत, आणि संशोधनाची सवलत आपल्याला लागू होते की नाही याचा काथ्याकूट वकिलाशिवाय करू नये.

नाव काढून टाकलं म्हणजे नोंद निनावी झाली, हा गैरसमज. २०२०मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५११ लोकांच्या डोक्या-हातांच्या हालचालींवरून, पाच मिनिटांपेक्षा कमी नोंदीत, ९५ टक्के माणसं अचूक ओळखली. आम्हाला याचं फार आश्चर्य वाटायला नको. तिन्हीसांजेला बांधावरून कोण चाललाय हे आमच्याकडे ओटीवर बसून चालीवरून सांगतात. म्हणून फ्रेम-फ्रेमची कच्ची नोंद कुणाला देऊ नका. वाटायचे ते फक्त काढलेले आकडे.

भरवसा किती ठेवायचा

थांबण्याच्या चाचण्यांचा एक विचित्र दोष आहे: गटात परिणाम ठळक दिसतो, पण माणसामाणसांतला फरक दुसऱ्या वेळी तसाच येईल याची खात्री नसते. तेव्हा निदान वीसेक जणांना एक-दोन आठवड्यांनी, दिवसाच्या त्याच वेळेला, पुन्हा बसवा आणि दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहा. ते न करता एखाद्या मुलाविषयी काही बोलू नका. सोबत तीच चाचणी साध्या लॅपटॉपवरही घ्या. हेडसेटनं काही जास्त सांगितलं नाही तर तसं लिहायला लाजू नका. आमच्याकडे थांबायला लागणारा वेळ दोन्हीकडे बराच जुळला. वेगळं काही मिळालं ते अर्धवट चुकांमधूनच.

यातून निदान होत नाही. कुणी ‘मला एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) आहे का?’ असं विचारलं, आणि विचारतातच, तर हेडसेट बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाचा रस्ता दाखवा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्या.

एका विद्यार्थ्याची आई दारात उभी राहून सगळं बघत होती. “ह्या डब्यात तोंड घालून काय कळतला तुमका?” तिला आम्ही मुलाच्या हाताच्या रेषा पडद्यावर दाखवल्या, पन्नास रेषा एकावर एक. बऱ्याच सरळ आंब्यापर्यंत, काही अर्ध्यावर वळलेल्या. तिनं त्या वळलेल्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “ह्यो असोच. ताटातली मासळी उचलताना बापूस बघता काय ता बघून हात मागे घेता.” ते निरीक्षण मी वहीत टिपून घेतलंय. पुढच्या फेरीत समोर कुणी पाहत असताना आणि कुणी नसताना, अशा दोन्ही प्रकारे मोजणार आहे.